जहाजाच्या यंत्रांची नाडीपरीक्षा

युद्धनौका म्हटली की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांसमोर तोफा उभ्या राहतात. आम्हांस प्रथम आठवते ते इंजिनघर. तेथे उकाडा, तेलाचा वास, आणि पंपावर वाकलेला एखादा जुना फिटर. हातातील लोखंडी गजाचे एक टोक बेअरिंगच्या पेटीवर, दुसरे कानाशी. वैद्याने छातीला नळी लावावी तसे.

पूर्वी यंत्रांची दुरुस्ती पंचांगावर चाले. अमुक तास भरले की यंत्र उघडायचे, मग ते धडधाकट का असेना! वरवर पाहता यात सावधपणा दिसतो. परंतु नीट बसलेले यंत्र उघडले की चूक आत शिरण्यास वाट मिळते. ३० ऑक्टोबर १९९० रोजी बहारीनजवळ अमेरिकेच्या 'इवो जिमा' या नौकेवर वाफेची झडप फुटली व १० नौसैनिक प्राणास मुकले. झडप नुकतीच दुरुस्त झाली होती. टोपणावर पोलादी नटांऐवजी काळा थर दिलेले पितळी नट बसले होते. दिसायला पोलादासारखेच, पण वाफेच्या उष्णतेपुढे पितळाचा निभाव लागला नाही.

तेव्हा यंत्राची प्रकृती विचारावी आणि मगच ते उघडावे, हा नवा विचार. विचारायचे कसे? एक वाट कंपाची. मिनिटाला ३००० फेरे घेणारा दांडा सेकंदाला ५० फेरे घेतो. त्याचा तोल बिघडला तर सेकंदाला ५० वेळा येणारा कंप वाढतो. जोडलेले दोन दांडे एका रेषेत नसले तर बहुधा १०० चा कंप उठून दिसतो. बॉल बेअरिंगला चरा पडला की त्याहून पुष्कळ वरचे स्वर येतात. पाणबुडीत तर याला दुहेरी महत्त्व. तिच्या यंत्रांचा कंप पाण्यातून दूर जातो, आणि तिकडे कान लावून शत्रू बसलेला असतो.

दुसरी वाट तेलाची. वापरलेल्या तेलाचा थेंब ठिणगीत जाळून, त्याच्या प्रकाशावरून आतले धातू ओळखतात. लोखंड वाढले तर दाते किंवा दांडा झिजत असावा. कथील, शिसे, तांबे वाढले तर बेअरिंग. सोडियम व मॅग्नेशियम जोडीने वाढले, तर समुद्राचे पाणी शिरल्याचा संशय घ्यावा.

मात्र एकटा आकडा मुका असतो. कालच्या व परवाच्या आकड्यांशेजारी ठेवला तरच तो बोलतो. म्हणून सारी भिस्त नोंदवहीवर. जहाजदुरुस्तीच्या एका कारखान्यातील अशी वही आम्ही पाहिली आहे. अक्षर मोत्यासारखे, तपमानाचे आकडे महिनाभर सारखे. वाढलेला आकडा लिहिणाऱ्यालाच साहेब जाब विचारीत, त्यामुळे पोरे मागच्या तासाचा आकडा पुढे उतरवीत. हवेच्या कॉम्प्रेसरचे बेअरिंग जळाले त्या दुपारीही वहीत ते थंडच होते. आम्ही चौकशीत बसलो. दंड वही लिहिणाऱ्या मुलाला झाला. जाब विचारण्याची रीत तशीच राहिली.