नोकरीत राहून व्यवस्थापनशास्त्राची डॉक्टरेट

वीस वर्षे एखाद्या कारखान्यात, बँकेत किंवा महामंडळात काढलेला अधिकारी चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा विद्यार्थी होण्याचा विचार करू लागतो, तेव्हा त्यामागचा हेतू त्याला स्वतःला नेहमीच स्पष्ट असतो असे नाही. कोणाला नावाआधी 'डॉक्टर' ही उपाधी हवी असते. कोणाला बढतीची वाट बंद झाल्याचे जाणवलेले असते. कोणी निवृत्तीनंतर महाविद्यालयात शिकविण्याचे मनात धरलेले असते. यांत गैर काहीच नाही. परंतु आणखी एक लहानसा वर्ग असतो. आपल्या कामातील एखादा प्रश्न त्याला वर्षानुवर्षे सुटलेला नसतो, आणि वरिष्ठांनी दिलेले उत्तर त्याला पटलेले नसते. पहिल्या तीन हेतूंच्या बळावर माणूस प्रवेश मिळवितो आणि अभ्यासक्रमही पुरा करतो. त्यानंतरची तीन-चार वर्षे मात्र बहुधा त्या चौथ्याच प्रकारच्या माणसाला निभावतात, असे आमचे मत आहे.

आपल्या देशात व्यवस्थापनशास्त्रातील उच्च संशोधनाला तसा फार जुना इतिहास नाही. शिकागो विद्यापीठाने या विषयातील पीएच्.डी.चा अभ्यासक्रम १९२० सालीच आखला होता. आपल्याकडे कलकत्ता व अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ मध्ये स्थापन झाल्या आणि अहमदाबादच्या संस्थेने १९७१ मध्ये संशोधनाचा अभ्यासक्रम सुरू केला. या संस्था विद्यापीठे नसल्यामुळे त्यांना पदवी देण्याचा अधिकार नव्हता. म्हणून तेथून बाहेर पडणारा संशोधक 'फेलो' म्हणविला जाई. भारतीय व्यवस्थापन संस्था अधिनियम २०१७ हा ३१ जानेवारी २०१८ पासून अमलात आला आणि या संस्थांना पीएच्.डी. ही पदवी देता येऊ लागली. मूळचे हे अभ्यासक्रम पूर्णवेळ विद्यार्थ्यांसाठी होते. पुढे इंदूर, लखनौ इत्यादी ठिकाणच्या संस्थांनी नोकरदारांसाठी वेगळे अभ्यासक्रम काढले. विद्यापीठांमधून अर्धवेळ पीएच्.डी. करण्याची वाट त्याहूनही जुनी आहे.

आता त्या सुटत नसलेल्या प्रश्नाकडे वळू, कारण सारे काही त्यावर अवलंबून असते. समजा, कोइंबतूरच्या एका पंप बनविणाऱ्या कारखान्यात एक खरेदी व्यवस्थापक आहे. ओतीव भाग पुरविणाऱ्या लहान भट्ट्यांकडून माल वेळेवर येत नाही आणि जुळणीचे काम अडून राहते, हे त्याचे रोजचे दुखणे. कारखान्यातील सर्वांना याचे कारण ठाऊक आहे : लहान पुरवठादार बेशिस्त असतात. व्यवस्थापकाला मात्र शंका येते की, त्यांची बिले आपल्याच हिशेब विभागात तीन-तीन महिने पडून राहतात, त्यामुळे त्यांचे खेळते भांडवल आटते, त्यांना कच्चे लोखंड वेळेवर विकत घेता येत नाही, आणि म्हणून माल उशिरा येतो. ही शंका म्हणजे संशोधन नव्हे. तो निव्वळ अनुभव होय, आणि अनुभवी माणसाची पहिली अडचण हीच असते की उत्तर आपल्याला आधीच सापडले आहे असे त्याला वाटते.

मार्गदर्शक त्याला पहिल्याच भेटीत विचारील, "उलटे कशावरून नसेल? माल उशिरा आला म्हणूनच तुमच्या कंपनीने पैसे अडवून धरले नसतील कशावरून?" या प्रश्नापाशी बऱ्याच जणांचा उत्साह मावळतो. दोन गोष्टी एकत्र घडतात एवढ्यावरून कोणती कोणामुळे घडली हे ठरत नाही. तेव्हा व्यवस्थापकाला प्रत्येक मागणीपत्राची तारीख, माल पोहोचल्याची तारीख, बीजकाची तारीख आणि प्रत्यक्ष पैसे दिल्याची तारीख अशा चार तारखा काही हजार व्यवहारांसाठी जुळवाव्या लागतील आणि आधीच्या देयकातील विलंबाचा पुढच्या पुरवठ्याशी संबंध लागतो का, हे पाहावे लागेल. भट्टीचा आकार, कच्च्या मालाचा भाव, विजेची टंचाई, सणांचे दिवस या साऱ्यांचा प्रभाव वेगळा काढावा लागेल.

येथे कायदाही त्याच्या मदतीला येऊ शकतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसंबंधीच्या २००६ च्या अधिनियमानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादारांना लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होते. व्यवहारात पुष्कळ पुरवठादार हे व्याज मागतच नाहीत. मोठे गिऱ्हाईक दुखवायचे कोणी? परंतु २०२३ च्या वित्त अधिनियमाने आयकर कायद्यात अशी तरतूद घातली की, मुदतीनंतर दिलेल्या अशा रकमेची वजावट खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे दिल्याच्याच वर्षी मिळावी. ही तरतूद २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून लागू झाली. मध्यम उद्योग तिच्या कक्षेबाहेर होते. याचा अर्थ असा की एका ठरावीक काळानंतर काही पुरवठादारांना पैसे लवकर मिळण्याचे नवे कारण निर्माण झाले आणि त्यांच्याच शेजारच्या इतरांसाठी ते झाले नाही. दोन्ही गटांच्या पुरवठ्याची आधीची व नंतरची तुलना केल्यास व्यवस्थापकाच्या शंकेची खरी परीक्षा होईल. अर्थात खरेदीदारांनी नव्या नियमाला कंटाळून लहानांऐवजी मध्यम उद्योगांकडे मागणी वळविली असण्याचीही शक्यता आहे, आणि तीही तपासावी लागेल. अशा रीतीने "पुरवठादार बेशिस्त असतात" या वाक्यापासून निघालेला माणूस दोन वर्षांनी कोठे येऊन पोहोचतो, हे वाचकांच्या लक्षात येईल.

नियमांविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनुसार पदव्युत्तर परीक्षेत साधारणतः ५५ टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्गांना त्यात पाच टक्क्यांची सवलत आहे. अभ्यासक्रमाचे किमान १२ श्रेयांक पुरे करावे लागतात. एकूण मुदत किमान तीन व कमाल सहा वर्षे असून पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळू शकतात. स्त्रियांना व ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन. प्रबंध सादर करण्यापूर्वी नियतकालिकात लेख छापून आलाच पाहिजे ही आधीच्या, म्हणजे २०१६ च्या, विनियमांतील सक्ती आयोगाने काढून टाकली; तथापि एखादे विद्यापीठ आपल्या नियमांनी ती ठेवू शकते. अर्धवेळ उमेदवाराला मालकाकडून ना हरकत प्रमाणपत्र आणावे लागते. त्यात केवळ परवानगी असून भागत नाही. उमेदवाराच्या कामाच्या स्वरूपामुळे त्याला संशोधनास पुरेसा वेळ मिळतो, आणि गरज पडल्यास अभ्यासक्रमासाठी त्याला कामातून मोकळे केले जाईल, असेही मालकाने लिहून द्यावयाचे असते. कित्येक कचेऱ्यांत हे पत्र एका सहीचे काम समजून दिले जाते आणि सहा महिन्यांनी त्याच उमेदवाराला रजा नाकारली जाते. पत्र घेतानाच वरिष्ठांशी दिवसांचा हिशेब बोलून घेणे शहाणपणाचे.

मार्गदर्शक निवडताना नोकरदार मनुष्य सहसा त्याची कीर्ती पाहतो. त्याने आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा व सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेता येतात. आठांपैकी आठवा होण्यात विशेष लाभ नाही. दुसरे, सेवानिवृत्तीस तीन वर्षांहून कमी अवधी उरलेल्या अध्यापकाला नवा संशोधक घेता येत नाही. परंतु चार वर्षे उरलेल्याला घेता येतो, आणि अर्धवेळ प्रबंधाला चार वर्षे बहुधा पुरत नाहीत.

वयाची गोष्ट वेगळीच असते. कचेरीत ज्याच्या शेऱ्याने फाईल हलते, त्याला येथे तिशीतला अध्यापक सांख्यिकीतील चूक दाखवितो. ज्यांना हे सहन होत नाही ते काम सोडतात, आणि कारण म्हणून वेळेची टंचाई सांगतात. वेळेची टंचाई खरीच असते, हेही मान्य केले पाहिजे. रविवारचे आठ तास आणि रोजचा एक तास यांत फरक आहे : आठवडाभराने टेबलाशी बसलेल्या माणसाचा निम्मा रविवार आपण कोठे थांबलो होतो हे आठवण्यात जातो. रोज पहाटे एक तास बसणाऱ्यांचे काम अधिक सरकते. या तासाची किंमत घरातील इतरांनाही मोजावी लागते. मुलांची दहावी-बारावीची वर्षे आणि आईवडिलांची आजारपणे नेमकी याच काळात येतात. प्रवेश घेण्यापूर्वी घरच्यांची संमती मालकाच्या संमतीइतकीच विचारपूर्वक घ्यावी.

ही अडचण ओळखून काही लोकांनी सोपी वाट विकायला काढली आहे. परदेशी विद्यापीठाच्या नावाने, घरबसल्या, अल्पावधीत डॉक्टरेट मिळेल अशा जाहिराती सुशिक्षित अधिकाऱ्यांनाही भुरळ घालतात. विद्यापीठ अनुदान आयोग व अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये संयुक्तपणे जाहीर केले की, शिक्षणतंत्र कंपन्या परदेशी संस्थांच्या सहयोगाने देऊ करीत असलेल्या अशा ऑनलाइन पीएच्.डी. पदव्यांना मान्यता नाही. दूरशिक्षणाने पीएच्.डी. देण्यासही विनियमांत मज्जाव आहे. डी.बी.ए. या पदवीविषयी मात्र सरसकट बोलणे अन्यायाचे होईल. ब्रिटन व ऑस्ट्रेलिया येथील कित्येक विद्यापीठांत ती व्यवसायातील अनुभवी लोकांसाठीची कसोशीची पदवी आहे. तीत नव्या सिद्धान्तापेक्षा व्यवहारातील समस्येच्या उकलीवर भर असतो. आपल्या देशात अध्यापक म्हणून नेमणूक हवी असेल तर ती पदवी येथे पीएच्.डी.च्या बरोबरीची धरली जाईल का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्यावे.

पुन्हा आपल्या खरेदी व्यवस्थापकाकडे येऊ. त्याची शंका खरी ठरली असे समजा. आकडे सांगतात की विलंबाचे मूळ त्याच्याच कंपनीच्या हिशेब विभागात आहे. ज्या संचालकाने ना हरकत प्रमाणपत्रावर सही केली, त्याच्याच कारभारावर हा प्रबंध बोट ठेवतो. शिवाय हे आकडे कंपनीच्या दप्तरातील आहेत, आणि नोकराला दिसतात म्हणून ते संशोधकाला वापरता येतात असे नाही. मंजूर झालेल्या प्रबंधाची प्रत गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' या भांडारात जाते आणि तेथे ती कोणालाही वाचता येते, प्रतिस्पर्धी कंपनीलाही. म्हणून आकडेवारी वापरण्याची लेखी परवानगी, कंपनीचे व पुरवठादारांचे नाव झाकण्याची पद्धत आणि निष्कर्ष प्रतिकूल आले तरी ते प्रसिद्ध करण्याची मुभा, या तीन गोष्टी एकही आकडा गोळा करण्यापूर्वी ठरविल्या पाहिजेत. परवानगी मिळत नसेल तर दहा-बारा अन्य कारखान्यांकडून माहिती मिळविण्याचा लांबचा रस्ता धरावा लागतो. त्यात वर्ष-दीड वर्ष जादा जाते. पण एकाच कारखान्याच्या दप्तरावरून काढलेला निष्कर्ष इतरत्र लागू पडतो का, हा बहिःस्थ परीक्षकाचा नेहमीचा प्रश्न असतो, आणि लांबच्या रस्त्याने आलेल्या उमेदवाराजवळ मौखिक परीक्षेच्या दिवशी त्याचे उत्तर तयार असते.