अष्टपैलू पोराला कुठे खेळवायचं?

अमेरिकन फुटबॉलचं मैदान, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जाण्याचा नियम आणि गुण कसे मिळतात, हे आपण मागे पाहिलं. आजचा प्रश्न त्यापुढचा आहे. सोळा-सतरा वर्षांचा एखादा मुलगा जोरात पळतो, चेंडू झेलतो, फेकतो आणि समोरच्याला आडवाही करतो. अशा पोराला नेमक्या कोणत्या जागी उभं करायचं? ज्यांची नातवंडं तिकडे शाळेत हा खेळ खेळतात, त्या आजी-आजोबांसाठी हा घरचाच प्रश्न आहे. बाकीच्यांनीही ऐकावं, कारण मुळात हा माणसं ओळखण्याचा विषय आहे.

आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं. अष्टपैलू म्हटलं की कपिल देव डोळ्यांपुढे येतात. दुपारी गोलंदाजी केली, संध्याकाळी फलंदाजी केली. क्रिकेटमध्ये हे जमतं, कारण दोन कामांच्या मध्ये वेळ असतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये एका वेळी अकरा जण मैदानात असतात. पण चढाईचे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे आणि किक मारण्याच्या प्रसंगाचे आणखी वेगळे. व्यावसायिक संघाची यादी 53 जणांची असते ती यामुळेच.

पूर्वी असं नव्हतं. तेच खेळाडू दोन्हीकडे खेळत. 1950 मध्ये एनएफएलने हवे तेवढे खेळाडू कधीही बदलण्याची मुभा कायमची दिली आणि विशेषज्ञांचा जमाना सुरू झाला. जुन्या पठडीतला शेवटचा मोठा खेळाडू म्हणून चक बेडनारिकचं नाव घेतात. दुसऱ्या महायुद्धात बी-24 बॉम्बर विमानावर गनर म्हणून त्याने तीस मोहिमा केल्या. पुढे फिलाडेल्फिया ईगल्ससाठी 1960 मध्ये, वयाच्या पस्तिशीत, तो चढाईत सेंटर आणि बचावात लाइनबॅकर अशा दोन्ही जागा लढवत होता.

आधी शरीर बघा

पहिला नियम साधा आहे. जे शिकवता येत नाही, ते आधी मोजा. उंची, हातांची लांबी, पहिल्या दहा यार्डांचा वेग, पूर्ण वेगात असताना कंबर वळवून दिशा बदलण्याची क्षमता, या गोष्टी बऱ्याच अंशी उपजत असतात. पवित्रा, हात कुठे ठेवायचे, प्रतिस्पर्ध्याचे डावपेच कसे ओळखायचे, हे शिकवता येतं.

अलेहान्द्रो व्हियानुएव्हाचं उदाहरण मला फौजी म्हणून विशेष आवडतं. उंची सहा फूट नऊ इंच. वेस्ट पॉइंट या अमेरिकी लष्करी अकादमीच्या संघात तो बचाव फळीत खेळला, मग चढाईच्या फळीत टॅकल म्हणून आणि शेवटच्या वर्षी थेट चेंडू झेलणारा रिसीव्हर म्हणून. 2010 मध्ये कमिशन घेऊन तो सैन्यात गेला. रेंजर झाला, अफगाणिस्तानात तैनात राहिला, शौर्याबद्दल ब्राँझ स्टार मिळवला. 2014 मध्ये ईगल्सने त्याला बचाव फळीत आजमावलं आणि सोडून दिलं. पिट्सबर्ग स्टीलर्सने त्याची उंची आणि लांब हात बघून त्याला लेफ्ट टॅकल करायचं ठरवलं. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ ज्या बाजूला असते, तिथला हा पहारेकरी. व्हियानुएव्हाने वजन वाढवलं, धडे गिरवले, 2015 मध्ये संघात जागा मिळवली आणि 2017 व 2018 असे दोन वेळा प्रो बोलसाठी निवडला गेला. माणूस तोच होता. बदलली ती जागा.

मात्र सोळाव्या वर्षी शरीराचा अंतिम निकाल लागलेला नसतो. आज सडपातळ दिसणारा पोरगा तीन वर्षांत वीस किलो भरू शकतो. म्हणून शाळेत जागा ठरवताना आजच्या वजनापेक्षा हाडापेराकडे आणि घरातल्या थोरांच्या अंगकाठीकडे बघावं.

डोक्यावर किती ओझं?

दुसरी गोष्ट अभ्यासाची. क्वार्टरबॅकला स्वतःबरोबर बाकी दहा जणांचंही काम पाठ असावं लागतं. लाइनबॅकरला समोरची रचना वाचून क्षणात ठरवावं लागतं की पुढे घुसायचं की मागे सरायचं. त्यामानाने बचावाच्या टोकावरून क्वार्टरबॅकवर तुटून पडणाऱ्याचं काम सरळ असतं, पण ते करणारे थोडे असतात.

इथे दोन खेळाडूंची तुलना बघा. आयझेया सिमन्सने 2019 मध्ये क्लेमसन विद्यापीठासाठी लाइनबॅकर, सेफ्टी, कॉर्नर अशा अनेक जागा गाजवल्या आणि सर्वोत्तम लाइनबॅकरचा बटकस पुरस्कार मिळवला. 2020 मध्ये ॲरिझोनाने त्याला आठव्या क्रमांकावर घेतलं. पण तिथे कधी लाइनबॅकर, कधी मागच्या फळीत, असं चालू राहिलं. कुठल्याही एका जागेवर त्याचे पाय रोवले गेले नाहीत. 2023 मध्ये ॲरिझोनाने त्याला न्यूयॉर्क जायंट्सला देऊन टाकलं, ते सातव्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात.

मायका पार्सन्सचं उलट झालं. तो पेन स्टेट विद्यापीठात लाइनबॅकर होता. 2021 मध्ये डॅलस काउबॉइजने त्याला बाराव्या क्रमांकावर घेतलं तेही लाइनबॅकर म्हणूनच. हंगामाच्या सुरुवातीलाच संघाच्या मुख्य डिफेन्सिव्ह एंडचा पाय मोडला आणि पार्सन्सला टोकावर उभं करण्यात आलं. ती जागा त्याला नवी नव्हती, शाळेत तो तिथे खेळला होता. त्या हंगामात त्याने क्वार्टरबॅकला पाडण्याचे 13 सॅक मिळवले आणि बचावातला सर्वोत्तम नवोदित ठरला. पुढे टोकावरून मारा करणं हेच त्याचं मुख्य काम झालं आणि बाकीचं जोडीला राहिलं.

फरक लक्षात घ्या. अष्टपैलू दोघेही होते. एकाला घर मिळालं आणि बाहेर हिंडायची मोकळीक मिळाली. दुसऱ्याच्या वाट्याला नुसतं हिंडणं आलं. सरावाचे तास मोजकेच असतात. ते तीन जागांत वाटले, तर आपल्याकडे म्हणतात तसं होतं: एक ना धड, भाराभर चिंध्या.

संघाची गरज आणि पोराचं भलं

डेहराडूनच्या अकादमीत कॅडेटकडून आवडीच्या शाखा लिहून घेतात. मग त्याचा गुणक्रम आणि कुठे किती जागा रिकाम्या आहेत, हे बघून पायदळ, तोफखाना, इंजिनिअर्स असं वाटप होतं. फौजेला ते चालतं, कारण अधिकारी वीस-पंचवीस वर्षं तिथे वाढणार असतो. फुटबॉलपटूची कारकीर्द त्यामानाने फार छोटी. संघातलं एक भोक बुजवायला त्याला भलत्या जागी दोन वर्षं अडकवलं, तर ती दोन वर्षं त्याची गेली.

जागांचं मोलही सारखं नसतं. क्वार्टरबॅक, लेफ्ट टॅकल, टोकावरचा मारेकरी, कॉर्नरबॅक, रिसीव्हर यांना एनएफएलमध्ये जास्त पैसे मिळतात. मुलगा दोन जागा सारख्याच चांगल्या खेळत असेल, तर दुर्मीळ जागेकडे झुकावं.

आणि पोराचं मन? लमार जॅक्सनने 2016 मध्ये क्वार्टरबॅक म्हणून हाइजमन ट्रॉफी जिंकली होती. तरी व्यावसायिक निवडीच्या वेळी, एवढा पळतो तर याला रिसीव्हर करा, असं म्हणणारे जाणकार निघाले. तो ठाम राहिला. 2018 मध्ये बाल्टिमोरने त्याला पहिल्या फेरीत अगदी शेवटी, 32 व्या क्रमांकावर घेतलं आणि चढाई त्याच्या भोवती रचली. 2019 मध्ये एकमताने आणि पुन्हा 2023 मध्ये तो एमव्हीपी ठरला. उलट जुलियन एडेलमन केंट स्टेट विद्यापीठात क्वार्टरबॅक होता. त्याने ती जागा सोडली, 2009 मध्ये सातव्या फेरीत न्यू इंग्लंडकडे जाऊन रिसीव्हरचं काम शून्यातून शिकला आणि चार वर्षांनी खरा बहरला. पुढे 2019 च्या फेब्रुवारीत सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू झाला. हट्ट धरावा की सोडावा, याचं उत्तर पुराव्यात असतं. लमारकडे हाइजमनचा पुरावा होता. एडेलमनची उंची आणि निवडीचा क्रमांक दुसरीकडे बोट दाखवत होते.

दोन्हीकडे खेळवलं तर?

ट्रॅव्हिस हंटरने 2024 मध्ये कोलोरॅडोसाठी रिसीव्हर आणि कॉर्नरबॅक या दोन्ही जागा पूर्ण वेळ खेळून हाइजमन जिंकली. 96 झेल, 1258 यार्ड, शिवाय बचावात चार इंटरसेप्शन. सामन्यात शंभरावर प्ले तो मैदानात असे. 2025 मध्ये जॅक्सनव्हिलने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं आणि दोन्हीकडे खेळवलं, पण चढाईत जास्त. सात सामन्यांनंतर सरावात गुडघा दुखावला आणि तो हंगाम संपला. एका दुखापतीवरून निष्कर्ष काढू नये. पण थकवा, मार आणि दुप्पट अभ्यास यांचा हिशेब मांडावाच लागतो. असा खेळाडू पिढीत एखादाच होतो. त्याच्याकडे बघून शाळेतल्या पोराचं वेळापत्रक आखू नका.

तेव्हा प्रशिक्षकाला तीन प्रश्न विचारा. याची मुख्य जागा कोणती? दुसरी जागा आठवड्यात किती वेळ घेणार? आणि हे सगळं पुन्हा कधी तपासणार? तिसऱ्या प्रश्नाला तारखेसह उत्तर मिळालं तर समजा की कोणीतरी खरोखर विचार केला आहे. "बघू, जिथे लागेल तिथे" असं उत्तर आलं, तर आपल्या पोराचा उपयोग ठिगळासारखा होणार आहे, हे ओळखा आणि नम्रपणे पुन्हा विचारा. मुलगा त्या वेळी शेजारी बसलेला असू द्या. अंग त्याचं झिजणार आहे.

पुढच्या भागात क्वार्टरबॅक चेंडू हातात आल्यावर तीन सेकंदांत काय काय बघतो, ते समजून घेऊ. तोवर, जय हिंद.