गावाचा संघ, वाहिन्यांचा हंगाम

अमेरिकन फुटबॉल म्हटलं की आपल्याला सुपर बोल आणि एनएफएलचे व्यावसायिक संघ आठवतात. पण अलाबामा, नेब्रास्का, आयोवा, ओक्लाहोमा या राज्यांत एनएफएलचा एकही संघ नाही. तिथला शनिवार विद्यापीठाच्या संघाचा असतो. ॲन आर्बरमधलं मिशिगन विद्यापीठाचं स्टेडियम १,०७,६०१ प्रेक्षकांचं आहे. एनएफएलच्या कुठल्याही संघाकडे एवढं मोठं मैदान नाही. विद्यापीठाच्या संघातून खेळणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा व्यावसायिक खेळाडू कितीतरी तरबेज असतात, तरी ही गर्दी विद्यापीठाच्या मैदानावर लोटते, कारण हा संघ आपल्या मातीतून हलणार नाही याची लोकांना खात्री असते. बाल्टिमोर कोल्ट्सच्या मालकाने १९८४ साली रातोरात संघाचं बिऱ्हाड इंडियानापोलिसला हलवलं. विद्यापीठाचं तसं करता येत नाही. आयोवा सिटीत मैदानाला लागूनच मुलांचं रुग्णालय आहे. २०१७ पासून तिथे सामन्याचा पहिला टप्पा संपला की सारं स्टेडियम उठून रुग्णालयाकडे तोंड करतं आणि हजारो हात वरच्या मजल्यांवरच्या खिडक्यांच्या दिशेने हलू लागतात. खेळाडू, पंच, पाहुण्या संघाचे पाठीराखे, सगळेच त्यात असतात. असा शेजार पैशाने उभा करता येत नाही.

हा जिव्हाळा आता आटतो आहे, अशी तक्रार अमेरिकेत सर्रास ऐकू येते आणि तिचं खापर खेळाडूंना मिळू लागलेल्या पैशांवर फोडलं जातं. मला हे निदान साफ चुकीचं वाटतं. खेळाडूंचा मोबदला हा फार उशिरा मिळालेला न्याय आहे; खेळाच्या मुळावर आली आहे ती प्रक्षेपण हक्कांची विक्री.

आधी न्यायाचं पाहू. १९५५ साली कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस कॉलेजचा रे डेनिसन हा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून गेला. त्याच्या पत्नीने कामगार म्हणून भरपाई मागितली, ती राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये नाकारली: कॉलेज फुटबॉलचा धंदा करत नाही, म्हणून खेळाडू हा नोकर नाही. शिक्षण फुकट मिळतं, आणखी काय हवं, हा युक्तिवाद त्यानंतर अनेक दशकं चालला. पण त्या शिक्षणाची तरी हमी होती का? नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १८ वर्षं नावापुरते वर्ग चालले आणि ३,१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी त्यांचा लाभ घेतला, त्यांत खेळाडूंचा भरणा मोठा होता, हे २०१४ च्या चौकशीत उघड झालं. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाशी निगडित लाभांवरची मर्यादा ९-० ने बेकायदा ठरवली. त्याच वर्षी खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करण्याची मुभा मिळाली आणि २०२५ पासून विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ लागली. त्याने खेळाडू दरवर्षी संघ बदलू लागले, ही तक्रार खरी आहे. पण प्रशिक्षक तर कधीपासून तेच करत आले आहेत.

आता मूळ दुखण्याकडे येतो. कोणते आणि किती सामने टीव्हीवर दाखवायचे, हे १९८४ पर्यंत एनसीएए ही देशव्यापी संघटना ठरवत असे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी त्याविरुद्ध खटला भरून जिंकला आणि हक्कांचा बाजार खुला झाला. २०२२ मध्ये बिग टेन या, आपसात नियमित सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाने सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरहून अधिकचे करार केले. त्या पैशाच्या ओढीने लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठं या मध्य-पश्चिमेकडच्या गटात गेली, आणि १९१५ पासूनची परंपरा सांगणाऱ्या पॅसिफिक गटातल्या बारापैकी दहा विद्यापीठांनी २०२४ मध्ये काढता पाय घेतला. पॅसिफिक किनाऱ्यावरचं स्टॅनफर्ड आज अटलांटिक किनाऱ्याच्या गटात आहे! ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट हे एकाच राज्यातले शेजारी १९१० पासून दरवर्षी भिडत. ओक्लाहोमा दुसऱ्या गटात गेलं आणि २०२३ नंतर तो सामना बंद पडला. तो कुठल्याही खेळाडूच्या मानधनाने बंद पाडलेला नाही.

फुटबॉलच्या कमाईवर पोहणं, कुस्ती, मुलींचे संघ चालतात, म्हणून मोठे करार हवेतच, असं यावर सांगितलं जातं. कमाईचा मुद्दा खरा आहे; पण २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एमने एका प्रशिक्षकाला मुदतीआधी काढताना सुमारे साडेसात कोटी डॉलरची देणी पत्करली, तेव्हा काटकसरीची सबब टिकत नाही. उलट नव्या गटांमुळे व्हॉलीबॉलच्या मुलींनाही देशाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला प्रवास करावा लागतो. मेंदूच्या इजेचा प्रश्न तर पैशाने सुटणाराच नाही. बोस्टन विद्यापीठाच्या २०१७ च्या अभ्यासात कॉलेजपर्यंत खेळलेल्या ५३ जणांच्या मेंदूंपैकी ४८ मध्ये सीटीई हा आजार आढळला. लक्षणं दिसलेल्यांचेच मेंदू प्रामुख्याने दान होतात, त्यामुळे हे प्रमाण सरसकट सगळ्या खेळाडूंना लावता येणार नाही, पण ते दुर्लक्षूनही चालणार नाही. खेळाडूंना नोकर मानून आयुष्यभराचा वैद्यकीय खर्च उचलणं विद्यापीठांवर बंधनकारक करायला हवं, आणि फुटबॉलचे करार वेगळे ठेवून बाकी खेळांना पुन्हा शेजाऱ्यांशी खेळू द्यायला हवं. फुटबॉलमध्येही राज्यातला एक जुना सामना दरवर्षी झालाच पाहिजे, अशी अट प्रक्षेपणाच्या करारात घालणं विद्यापीठांच्या हातात आहे.