दोन सेकंदांचा दंड

'प्रवाहाविरुद्ध जाणे' हा आपल्याकडे भाषणांत वापरायचा शब्दप्रयोग. स्लॅलम या नावांच्या शर्यतीत मात्र तो साधा नियम आहे. उसळत्या पाण्यावर तारांना टांगून काठ्यांच्या जोड्या सोडलेल्या असतात. दोन काठ्यांमधली जागा म्हणजे एक दार. अशी जास्तीत जास्त पंचवीस दारे. हिरव्या-पांढऱ्या काठ्यांच्या दारातून प्रवाहाबरोबर खाली जायचे आणि लाल-पांढऱ्या काठ्या दिसल्या की नाव वळवून उलट वर शिरायचे. आता तुम्ही म्हणाल, एवढ्या जोराच्या पाण्यात वर जाणार कसे? खडकामागे पाणी थोडे उलटे फिरत असते. खेळाडू त्या पाण्याचा आधार घेतो. कोलाडला कुंडलिकेवर सकाळी धरणाचे पाणी सुटते, तेव्हा तराफ्यात बसून हे उलटे पाणी मी अनुभवले आहे. तराफा तिथे क्षणभर विसावतो. स्लॅलमवाल्याला मात्र विसावायची सवड नसते.

काठीला वल्हे, खांदा किंवा नावेचे टोक नुसते लागले, तरी वेळेत दोन सेकंद वाढतात. दार चुकले तर पन्नास सेकंद, म्हणजे पदकाची आशा संपलीच. दोन सेकंद म्हणजे काय, हे ऑस्ट्रेलियाच्या जेसिका फॉक्सइतके फार थोड्यांना कळले असेल.

जेसिकाचा जन्म 1994 सालचा, फ्रान्समधल्या मार्से शहरातला. वडील रिचर्ड फॉक्स इंग्लंडचे, कयाकमध्ये पाच वेळा वैयक्तिक जगज्जेते. पण त्यांच्या ऐन भरात हा खेळ ऑलिंपिकमध्ये नव्हताच. 1972 मध्ये एकदा झाला आणि नंतर थेट 1992 मध्ये परतला. तेव्हा रिचर्ड चौथे आले. आई मिरियम फ्रान्सची, तिला 1996 मध्ये कांस्यपदक मिळाले. 1998 मध्ये वडिलांना ऑस्ट्रेलियात प्रशिक्षकाचे काम मिळाले आणि कुटुंब सिडनीजवळच्या पेनरिथला आले. तिथे 2000 च्या ऑलिंपिकसाठी पंपाने पाणी खेळवणारा कृत्रिम प्रवाह बांधला गेला. लेकीला घराजवळच नदी मिळाली आणि पुढे आईच तिची प्रशिक्षक झाली. घरात शिकवणारी आई असणे किती कठीण, हे शिक्षकांच्या मुलांनाच विचारावे!

2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अठरा वर्षांच्या जेसिकाने कयाकमध्ये रौप्य मिळवले, 2016 ला रिओमध्ये कांस्य. लोक म्हणू लागले, हिला सुवर्ण काही साधत नाही. मला हे बोलणे अन्यायाचे वाटते. कारण या खेळात नावा दोन प्रकारच्या. कयाकमध्ये पाय पसरून बसतात आणि वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. कनूत गुडघे टेकून बसायचे आणि पाते एकच. दुसऱ्या बाजूला वल्हवायचे तर हात पालटायचा किंवा अख्खे वल्हे नावेवरून पलीकडे न्यायचे. ऑलिंपिकमध्ये कनू फक्त पुरुषांसाठी होती. जेसिका 2013, 2014 आणि 2015 अशी तीन वर्षे ओळीने कनूत जगज्जेती ठरली. पुढच्याच वर्षी रिओला तिच्यासाठी ती शर्यतच नव्हती! पुरुषांच्या तीन शर्यती, बायकांची एक. पुरुषांची दुहेरी कनू काढून बायकांची कनू आली ती टोकियोत, तेही कोविडमुळे एक वर्ष लांबून 2021 मध्ये.

टोकियोत आधी कयाकची शर्यत झाली. त्याआधी तिच्या नावेचे टोक दुरुस्त करावे लागले. त्यावर ताणून बसवायला चक्क कंडोम वापरला. रबर लवचिक आणि मजबूत, चिकटवलेला कार्बन जागचा हलत नाही. ज्यांनी 'निरोध'च्या जाहिराती ऐकल्या आहेत, त्यांनाही हा उपयोग सुचला नसता. तिने त्याची चित्रफीत टाकली आणि ती जगभर फिरली.

अंतिम फेरीत तिला पाण्यावर लागलेला वेळ होता 102.73 सेकंद. जर्मनीच्या रिकार्डा फुंकला लागले 105.50. म्हणजे जेसिका पावणेतीन सेकंदांनी पुढे. पण दोन ठिकाणी काठीला स्पर्श झाला होता. चार सेकंद वाढले, हिशेब झाला 106.73 आणि ती तिसरी. दुसऱ्या क्रमांकापासून अवघा एक दशांश सेकंद दूर.

दोनच दिवसांनी, 29 जुलैला, कनूची अंतिम फेरी होती. हातात एकच पाते, मागे पदके हुकल्याची चर्चा. त्या दिवशी तिने एकाही काठीला स्पर्श होऊ दिला नाही. 105.04 सेकंद. ब्रिटनची मॅलरी फ्रँकलिन साडेतीन सेकंदांहून अधिक मागे. बायकांच्या कनूचे हे पहिलेच ऑलिंपिक सुवर्ण. ज्या शर्यतीसाठी तिला वर्षानुवर्षे थांबावे लागले, त्याच शर्यतीने ते दिले.

2024 मध्ये पॅरिसला तिने आधी कयाकचे आणि तीन दिवसांनी कनूचे सुवर्ण जिंकले. तोवर कयाक क्रॉस नावाची एक नवी शर्यत ऑलिंपिकमध्ये आली होती. तिच्यात एका वेळी चार जणी रॅम्पवरून पाण्यात उडी घेतात आणि धक्काबुक्की चालते. ती जिंकली जेसिकाची धाकटी बहीण नोएमी हिने, आणि थोरली आनंदाने कपड्यांसकट पाण्यात उतरली.