वाण जुना, बियाणं दरवर्षी नवं

देशी बियाण्यांच्या प्रदर्शनात मडक्यांसमोर एक वाक्य हमखास कानावर येतं: हा वाण शेकडो वर्षांचा, अगदी जसाच्या तसा जपलाय. जपलाय हे खरं. जसाच्या तसा मात्र नाही. तसा राहिला असता तर कधीच संपला असता.

शेतकऱ्याच्या घरचं काळभात किंवा आंबेमोहर म्हणजे एकसारख्या रोपांची फौज नव्हे. लोंबी भरायच्या सुमारास बांधावर उभं राहून नीट पाहा. कुठे कुसळ आहे, कुठे नाही. एखादं रोप शेजाऱ्यापेक्षा वीतभर उंच, एखादं चार दिवस आधी पिवळं पडलेलं. भात बहुतांशी स्वतःच्याच परागावर फळतं, म्हणून हे निरनिराळे वंश एकाच खाचरात शेजारी नांदतात; संकर क्वचितच. त्यांच्यात दरवर्षी निवड होते. थोडी शेत करतं, थोडी घरचं माणूस.

युरिया टाकला की उंच भात लोळतं. म्हणूनच १९६६ मध्ये आलेल्या ‘आयआर-८’सारख्या बुटक्या जातींचा बोलबाला झाला. शेणखतावरच्या शेतात गणित फिरतं. नत्र सावकाश मिळतं, तणनाशक नसतं. तिथे झपाट्यानं वाढून तणावर सावली धरणारं, मुळं लांबवर पसरवणारं रोप चार दाणे जास्त देतं आणि पुढच्या हंगामाच्या बियाण्यात त्याचा वाटा वाढतो. कुणी मुद्दाम काही करावं लागत नाही.

याचा जुना पुरावा बार्लीचा आहे. हॅरी हार्लन आणि मेरी मार्टिनी यांनी अमेरिकेत अकरा जातींचं एकच मिश्रण वेगवेगळ्या हवामानांत वर्षानुवर्षं पेरलं आणि १९३८ मध्ये निष्कर्ष मांडले. थोड्याच वर्षांत काही जाती जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. गंमत अशी की बाजी मारणारी जात सगळीकडे एकच नव्हती.

पण सगळं निसर्गावर सोपवा, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. शेताला चव कळत नाही. आंबेमोहराच्या वासानं रोपाला तणाशी झुंजायला बळ मिळत नाही. शिवाय भाताचा हा सुवास आई आणि बाप दोघांकडूनही यावा लागतो. शेजारच्या बिनवासाच्या जातीशी संकर झाला की पुढच्या पिढ्यांत बिनवासाची रोपं निघतात आणि खळ्यावर ती ओळखूही येत नाहीत. वास टिकतो तो शिजवणाऱ्या बाईच्या नाकामुळे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा कौतुक झालं ते बियाणं साठवण्याचं. निवडीच्या कसबाबद्दल फारच कमी बोललं गेलं.

हीच निवड वाण बिघडवूही शकते. हात लागतील त्या दहा-बारा लोंब्या बियाण्याला ठेवल्या तर बाकीचे वंश त्याच वर्षी गेले. दरवर्षी आधी पिकलेल्याच लोंब्या खुडल्या तर गरवा, म्हणजे उशिरा पिकणारा वाण हळूहळू हळवेपणाकडे, लवकर पिकण्याकडे सरकतो. कमी पावसाच्या माळावर ते फायद्याचं. ऑक्टोबरपर्यंत झोडपणाऱ्या पावसात तेच भात ऐन कापणीला भिजतं. म्हणून जाणती माणसं कापणीआधी शेतभर फिरून, पाणथळ कोपऱ्यातून आणि उंचवट्यावरूनही, शेकडो रोपांची एकेक लोंबी घेतात.

बियाण्याच्या नियमांना हा सरमिसळपणा सोसत नाही. नोंदणीसाठी वाण वेगळा, एकसारखा आणि स्थिर असावा लागतो. युरोपीय संघानं २०२२ पासून सेंद्रिय शेतीसाठी मिश्र स्वरूपाचं बियाणं विकायला वाट करून दिली. आपल्याकडे वाणांच्या संरक्षणासाठीच्या २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला घरचं बियाणं ठेवायचा, पेरायचा, देण्याघेण्याचा आणि विकायचाही हक्क दिला आहे. अट एवढीच, की संरक्षित वाणाचं बियाणं ब्रँडच्या नावाखाली विकता येत नाही.