बाई, 'ट्वेंटी टूथ' का नाही?

मुलांनो, गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या चौथीच्या वर्गात रोज एक जण फळ्यावर इंग्रजीत तारीख लिहितो आणि मोठ्यानं वाचून दाखवतो. त्या दिवशी २२ तारीख होती. ज्या मुलीची पाळी होती तिनं २२ लिहिले, पुढे 'टी-एच' जोडलं आणि ठसक्यात वाचलं, "ट्वेंटी टूथ!"

"टूथ म्हणजे दात! बावीस दात!" मागून कोणीतरी ओरडलं. सगळा वर्ग हसला. खरं सांगते, मलाही हसू आलं. पण ती मुलगी गप्प जागेवर जाऊन बसली. पुढचा आठवडाभर तिचा हात काही वर आला नाही.

मग माझ्या लक्षात आलं, चूक तिची नव्हतीच. आदल्या दिवशी मीच घाईघाईत सांगितलं होतं, "क्रम सांगायचा असेल तर आकड्याला 'थ' लावा." तिनं नेमकं तेच केलं होतं! तेव्हा तो धडा मी पुन्हा पहिल्यापासून घेतला. चला, तुम्हीही बसा.

वन, टू, थ्री म्हणजे किती ते कळतं. फर्स्ट, सेकंड, थर्ड म्हणजे कितवा ते कळतं. यांना क्रमवाचक संख्या म्हणतात. आता आपल्या मराठीकडे बघा. आपण 'एकवा, दोनवा, तीनवा' म्हणतो का? नाही! पहिला, दुसरा, तिसरा, चौथा हे चौघे आपल्याच तोऱ्यात असतात. पाचव्यापासून मात्र सगळे 'वा' लावून शहाण्यासारखे रांगेत उभे राहतात. इंग्रजीत असे हट्टी तिघेच आहेत. चौथ्यापासून 'थ' सुरू : फोर्थ, फिफ्थ, सिक्स्थ. आहे की नाही सोपं?

हे तिघे पुढेही आपला हट्ट सोडत नाहीत. २१ म्हणजे ट्वेंटी-फर्स्ट, २२ म्हणजे ट्वेंटी-सेकंड, २३ म्हणजे ट्वेंटी-थर्ड. आकड्यात लिहिताना त्या शब्दाची शेवटची दोन अक्षरं जोडायची. फर्स्टचं एस-टी, सेकंडचं एन-डी, थर्डचं आर-डी. बाकी सगळ्यांना टी-एच.

पण थांबा! ११, १२ आणि १३ चं काय? त्यांची नावं इलेव्हन, ट्वेल्व्ह, थर्टीन. त्यांत वन, टू, थ्री ऐकूच येत नाहीत. म्हणून इलेव्हन्थ, ट्वेल्फ्थ, थर्टीन्थ. तिघांनाही टी-एच! आकडा बघून शेपूट लावू नका, आधी तोंडानं म्हणा. म्हणजे चुकणार नाही.

स्पेलिंगच्या चार खोड्याही लक्षात ठेवा. फाइव्ह आणि ट्वेल्व्हमधलं 'व्ही-ई' जाऊन फिफ्थ आणि ट्वेल्फ्थमध्ये 'एफ' येतं. नाइनचं शेवटचं 'ई' नाइन्थमध्ये गळतं. एटच्या शेवटी 'टी' आहेच, म्हणून एट्थ लिहिताना नुसतं 'एच' जोडायचं. आणि ट्वेंटी, थर्टीचा 'वाय' जाऊन तिथं 'आय-ई' येतं, मग 'टी-एच'.

आता एक गंमत. घड्याळातला सेकंद आणि हा सेकंड एकच, बरं का! तासाचे साठ भाग केले, ती पहिली विभागणी. तिचं नाव मिनिट. मिनिटाचे पुन्हा साठ भाग केले, ती दुसरी विभागणी. म्हणून तो सेकंद!

पालकांनाही एक विनंती. घरात आपण सहज 'फिफ्टीन ऑगस्ट' म्हणतो. लिहिताना १५ ऑगस्ट असं लिहिलं तरी चालतं, पण वाचताना 'द फिफ्टीन्थ ऑफ ऑगस्ट' म्हणावं. मुलांच्या कानावर बरोबर शब्द पडला की नियम पाठ करावा लागत नाही. आणि मूल चुकलंच, तर हसण्याआधी ते असं का म्हणालं ते विचारा. बहुतेक वेळा त्यामागं काहीतरी विचार असतो.

मुलांनो, आता भिंतीवरचं कॅलेंडर घ्या. ३१ दिवसांच्या महिन्यात टी-एच न लावायच्या तारखा किती? मोजा बरं! १, २१ आणि ३१. २ आणि २२. ३ आणि २३. फक्त सात! उरलेल्या चोवीस तारखांना टी-एच.

आणि त्या मुलीचं काय झालं? धडा संपला, मी खडू खाली ठेवला, तेवढ्यात तिचा हात वर आला.

"बाई, मग एकशे अकरावा कसा लिहायचा? शेवटी एक आहे, पण म्हणताना इलेव्हन येतं. म्हणजे टी-एचच ना?"

या वेळी कोणी हसलं नाही. मी खडू तिच्या हातात दिला. तिनं १११ लिहिले आणि पुढे ठळक अक्षरांत टी-एच.

अगदी बरोबर! आता तुम्ही सांगा, एकशे एकविसावा कसा लिहाल?