झुमकावाली पोर आणि घरातला मोबाईल

हळदीच्या रात्री डीजेवर 'हाई झुमका वाली पोर' वाजलं नाही असं लग्न आठवतंय का? आपल्या जळगाव-धुळ्याचं सोडा, अहिराणीचा एक शब्द न कळणारे पुण्या-मुंबईचे पाहुणेही त्यावर नाचले. यूट्यूबवर हे गाणं कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं. आपली पोरं दिवसभर मोबाईलमध्ये काय करतात, असं तुम्ही आम्हाला नेहमी विचारता, म्हणून आज त्यावरच बोलू.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, इंटरनेट स्वस्त झालं आणि खेड्यातल्या पोरांच्या हाती कॅमेरा आला. शेतात, गोठ्यापुढं टिकटॉक सुरू झालं. २९ जून २०२० ला सरकारनं टिकटॉकसह ५९ अॅपवर बंदी घातली, तेव्हा पोरं इन्स्टाग्राम आणि यूट्यूबकडं वळली. आता हिवाळ्यातली भरीत पार्टी असो, आखाजीचा झोका असो की कानबाईची मिरवणूक, सगळ्याची रील होते. केस कसे कापायचे, लग्नात कोणत्या रंगाचे कपडे घालायचे, हेही तिथूनच ठरतं. उसनवारी करून महागडा फोन घेणं मात्र आम्हाला पटत नाही, ते सांगून टाकतो.

यातली एक गोष्ट आम्हाला फार आवडते. कॉलेजला गेलं की अहिराणी बोलायची लाज वाटायची, खेडवळ म्हणतील अशी भीती असायची. २००१ च्या जनगणनेत खान्देशी ही आपली मातृभाषा सांगणारे सुमारे २० लाख ७५ हजार होते, २०११ मध्ये ते सुमारे १८ लाख ६० हजारांवर आले. आता तीच बोली पोरं मोठ्या आवाजात वाजवतात. असं दूर इंडोनेशियातही घडलं. तिथं दिदी केंपोट नावाचे गायक देशाच्या राजभाषेत न गाता आपल्या जावानीज भाषेत विरहाची गाणी गायचे. २०१९ च्या सुमारास शहरातली तरुण पोरं त्यांच्या कार्यक्रमांना गर्दी करून रडत रडत ती गाऊ लागली. २०२० मध्ये ते वारले, पण गाणी चालूच आहेत.

आपल्याकडं बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांची गाणी १९५२ मध्ये छापून आली. त्यांना लिहिता येत नव्हतं. घरच्यांनी उतरवून घेतली म्हणून ती वाचली. किती आयाबायांची जात्यावरची गाणी तशीच गेली असतील! तुमच्या सासूबाईंना गौराईची, कानबाईची गाणी येत असतील तर नातीला सांगा, मोबाईलवर रेकॉर्ड कर.

आता पैशाचं. 'व्हायरल झालो की घर चालेल' असं पोरगा म्हणत असेल तर त्याच्याबरोबर हा हिशोब मांडा. यूट्यूबच्या जाहिरातींतला वाटा मिळायला चॅनेलला १००० सबस्क्रायबर लागतात, शिवाय वर्षभरात ४००० तास पाहिलं जावं लागतं. म्हणजे तीन मिनिटांचं गाणं पूर्ण ८० हजार वेळा. छोट्या शॉर्ट्स टाकल्या तर ९० दिवसांत १ कोटी वेळा पाहिल्या गेल्या पाहिजेत. त्यानंतर कुठं दार उघडतं. दुसऱ्याचं गाणं लावलं तर पैसे बहुधा त्या गाण्याच्या मालकाकडं जातात. त्यापेक्षा लग्नात गाणं, शूटिंग, एडिटिंग हे हुन्नर हाती असलेले बरे, त्यांची मजुरी रोख मिळते. आणि 'पैसे भरा, व्हायरल करून देतो' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

सगळ्यात अवघड गोष्ट पोरींची. भावानं रील टाकली तर गल्ली कौतुक करते. बहिणीनं तीच टाकली तर व्हॉट्सअॅपवर कुजबुज सुरू होते, मग फोन काढून घेतला जातो, कॉलेज बंद होतं आणि १८ पूर्ण व्हायच्या आत स्थळं बघायला लागतात. एका रीलपायी एवढी शिक्षा? शिवाय फोन काढून घेतल्यानं पोरगी सुरक्षित होत नाही, ती लपवायला शिकते. मैत्रिणीच्या फोनवर दुसरं खातं उघडते. पुढं कुणी तिचा फोटो बदलून धमकावलं, तर ती तुम्हाला सांगायलाच घाबरते. धमकावणाऱ्याचं सगळं बळ तिच्या या भीतीत असतं.

म्हणून तिच्याजवळ बसून खातं 'प्रायव्हेट' करा. गावाचं नाव, कॉलेजचा गणवेश, बसची वेळ व्हिडिओत दिसू नये. ओटीपी कुणालाच नाही, होणाऱ्या नवऱ्यालाही नाही. सेटिंग कुठं आहे ते तिलाच विचारा, तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

कुणी धमकावलंच तर पैसे देऊ नका आणि मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. फोटोंच्या छळाची तक्रार सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर करता येते, तिथं बायामुलींना नाव न देताही तक्रार नोंदवता येते. परवानगीशिवाय कुणाचे खासगी अंगाचे फोटो काढणं किंवा पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बायांसाठी १८१, अठराच्या आतल्या मुलांसाठी १०९८ आणि पोलिसांसाठी ११२. हे चार नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.